पलीकडून लाइन क्लियर येईपर्यंत

मी घंटा बोलतेय. निदान लोक तरी मला घंटा म्हणतात. माझं मला विचाराल तर मी दीड हात लांबीचा रुळाचा तुकडा आहे, एका टोकाला भोक पाडून जाड तारेनं कडुलिंबाच्या फांदीला लटकवलेला. देवळातल्या घंटा कशा पितळेच्या, डौलदार, आणि पोटात स्वतःचा लोलक घेऊन जन्मलेल्या. माझ्या पोटात काहीच नाही. कोणी येऊन लोखंडी दांडा मारला, तरच माझ्या तोंडून शब्द फुटतो. तेव्हा मी आज आपणहून बोलते आहे, हेच जरा अति होतंय का, अशी शंका मला आहे. पण तेवीस दिवस झाले, मला कोणी वाजवलेलं नाही. इतके दिवस गप्प बसल्यावर माणूससुद्धा बोलू लागतं.

माझा जन्म इथला नाही. अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरं आहेत आणि एक साल आहे. रंगाच्या थरांखाली ते आता बोटाला लागतं, डोळ्याला दिसत नाही. शंभराहून जास्त वर्षांमागे ही छोटी लाइन टाकली, तेव्हा या स्टेशनाशी शेवटचा रूळ लांब झाला, म्हणून कापला. कापून जो उरला तो तुकडा मी. बाकीचे रूळ गाडी पेलायला गेले, मी उरले. उरलेलीच्या नशिबी जे येतं ते माझ्या आलं: सगळ्यांना बोलवायचं, आणि आपण जागेवरच राहायचं.

यवतमाळ आणि दारव्ह्याच्या मधलं हे स्टेशन म्हणजे एक खोली, एक पडवी आणि मी. लाइन एकेरी. या स्टेशनापासून पुढच्या स्टेशनापर्यंत नऊ किलोमीटर, आणि त्या नऊ किलोमीटरांत एका वेळी एकच गाडी असायला हवी, नाहीतर समोरासमोर. म्हणून आमच्याकडे एक नियम होता. गाडी सोडायच्या आधी इथून पुढच्या स्टेशनाला फोन लावायचा आणि विचारायचं, "लाइन क्लियर?" पलीकडचा माणूस आधी बाहेर येऊन रुळावर नजर टाकायचा आणि मग म्हणायचा, "लाइन क्लियर." तेव्हा माझ्यावर तीन ठोके पडायचे, आणि मग गाडी सुटायची. पलीकडून शब्द आला नाही, तर गाडीत कलेक्टर बसलेला असो की बाळंतीण, गाडी हलायची नाही.

हे ठोके मारायचं काम एकतीस वर्षं जफरचाचांनी केलं. ते या स्टेशनचे पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. बोलायचे कमी, पण ठोका असा मारायचे की नाल्यापलीकडच्या शेतातली बाई विळा खाली ठेवून पोराला म्हणायची, "चाल, गाडी सुटली."

मालक मात्र आम्ही कधी पाहिला नाही. लाइन घातली विलायतेतल्या एका खासगी कंपनीनं. पुढं देश स्वतंत्र झाला, इतर रेल्वे सरकारच्या झाल्या, आणि आमची ही एवढीशी लाइन कागदांच्या कुठल्याशा घडीत राहून गेली, असं लोक सांगतात. गाडी चालवायची सरकारी माणसं, रूळ मात्र कंपनीचे. मीही कंपनीचीच. ज्याची मी होते, त्यानं मला कधी ऐकलं नाही. ज्यांनी मला रोज ऐकलं, त्यांची मी नव्हते. लहान होते तोवर याचं काही वाटलं नाही. वय झालं की असले प्रश्न पडतात.

मग दुरुस्तीवाचून पूल खिळखिळे झाले, आणि एक दिवस गाडी आली नाही. 'तात्पुरती बंद' असा कागद खोलीच्या दाराला चिकटवला होता. तो कागद पावसानं नेला, पण गाडी काही परत आली नाही. दाराला कुलूप लागलं. रुळांत बाभळी उगवल्या. बाजारच्या दिवशी कोणी माझ्या फांदीला बकरी बांधायचं, लग्नसराईत मंडपवाला दोरी आवळायचा. भंगारवाला दोनदा खालून वर बघून गेला. मी किती किलो भरेन याचा अंदाज तो डोळ्यांनीच घेत होता. आपलं वजन कोणी असं डोळ्यांनी करू लागलं की फार एकटं वाटतं. दुसऱ्या खेपेला जफरचाचा पडवीतच बसले होते. म्हणाले, "काय पाहून राह्यला बे? ते बुढी हाय आमची." भंगारवाला गेला. चाचांनी जाऊन नवी तार आणली आणि माझी जुनी बदलली.

चळवळ सुरू झाली ती गेल्या भादव्यात. रामधन गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, हातात वही घेऊन आले आणि माझ्याखाली सतरंजी टाकून सभा भरवली. मागणी एकच: ही लाइन कंपनीकडून काढून घ्या आणि जनतेला परत द्या.

"परत म्हंजे?" मागून कोणीतरी बोललं. "आपली होती कधी, परत घ्याले?"

उत्तर दिलं ते मैनाबाईनं, जिचं वय कोणालाच नक्की माहीत नाही. "जमीन कोनाची होती रे? या निंबाखाली माह्या आजेसासऱ्याची तूर होती. लोखंड त्याहीचं असन. भुई आपली."

टाळ्या पडल्या. सह्या झाल्या, अंगठे झाले. गावातला एकही माणूस विरोधात नव्हता. मला भरून यायला हवं होतं, पण मी जुनी आहे. शेवटच्या वर्षी डब्यांत किती जण बसायचे, तेही मी मोजलेलं होतं. गाडी आपली व्हावी असं सगळ्यांनाच वाटतं. आपण गाडीचं व्हावं, असं वाटणारे थोडेच.

गुरुजींनाही ते ठाऊक असावं. ते म्हणाले, "सह्या त कोणीबी करते. आपण गाडी चालवून दाखवू. गाडीबिगर." बेत असा होता की, लाइनवरच्या प्रत्येक स्टेशनावर रोज, गाडीच्या जुन्या वेळेला, म्हणजे आमच्याकडे सकाळी दहा वीसला, घंटा वाजवायची. पुढच्या स्टेशनाला फोन करून लाइन क्लियर घ्यायची, वहीत लिहायचं. शंभर दिवस, एक दिवस न चुकता. मग सगळ्या वह्या दिल्लीला. लोक सांभाळायला तयार आहेत, याचा पुरावा.

घराघराला पाळ्या लावल्या. पहिला आठवडा जत्रा होती. दुसऱ्या आठवड्यात पाळीचा माणूस यायचा आणि फोटो काढून जायचा. महिन्यानंतर कापूस वेचणीला आला, आणि पाळ्या सगळ्या एकाच बाईकडे सरकत सरकत गेल्या. तिचं नाव दीपा.

दीपा गावात सून म्हणून आली त्याला तीन वर्षं. बी.ए. झालेली. नवरा संघदीप तिकडे मुकुटबनला कामाला, पंधरा दिवसांनी येतो. कडेवर दहा महिन्यांची शीलू. दीपा काळजी करणाऱ्या जातीची. शीलू रडली तर का रडली म्हणून, आणि नाही रडली तर का नाही रडली म्हणून. पहिल्या दिवशी माझ्यासमोर उभी राहिली ती गोंधळूनच. एका हातात फोन, एका हातात दांडा, आणि पोरीचे कान झाकायला तिसरा हात नाही.

"आण इकडं," जफरचाचा म्हणाले, आणि त्यांनी शीलूला घेऊन तिचे कान आपल्या दोन्ही तळव्यांत धरले.

"चाचा, एवढ्या आवाजानं तिच्या कानाले काही होईन का?"

"माह्या एकतीस वर्षांत काय झालं?"

"तुम्हाले कमी ऐकू येते ना चाचा."

चाचा हसले. मी मात्र त्या दिवसापासून थोडं जपूनच वाजू लागले. म्हणजे माझ्या हातात काही नसतं, पण प्रयत्न केला.

दीपानं ही पाळी आनंदानं घेतली, त्याचं कारण पलीकडे होतं. पुढच्या स्टेशनाच्या घंटेची जबाबदारी तिच्या आईकडे होती. नलूबाई, साठीची, एकटीच. घर स्टेशनाला लागून, गावापासून जरा बाजूला. गाडी होती तेव्हा या दोन गावांमध्ये वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर होतं. गाडी बंद झाली तसं ते अंतर एकतीस किलोमीटर आणि दोन एसट्या झालं. आणि एसटीत बसलं की नलूबाईला पहिल्याच वळणावर उलटी होते. नातीला तिनं आतापर्यंत दोनदाच पाहिलं होतं. माणसं म्हणतात, लाइन बंद पडली तर काय बिघडलं, रस्ते झालेत ना. रस्ते झालेत. पण नलूबाई रस्त्यानं येऊ शकत नाही, एवढंच बिघडलं.

तर रोज दहा वीसला दीपा फोन लावायची.

"माय, लाइन क्लियर?"

"थांब, पाह्यतो." मग चपलांचा आवाज. "हाव, क्लियर हाय. एक बकरी होती, हाकलली. पोट्टीनं काही खाल्लं काय?"

"खिचडी खाल्ली. दोन घास."

"दोनच? काहून? तूप घालत जाय. आता ठोक तुही घंटी, लोकाहीचा टाइम होऊन राह्यला."

लोक म्हणजे कोण, ते मला कधी कळलं नाही. पण मी वाजायचे. तीन ठोके. गाडी सुटायची. खरं सांगते, त्या साठ दिवसांत दोन-तीनदा तर मला चाकांचा आवाज आल्यासारखाही वाटला. वय झालं की असंही होतं.

एकसष्टाव्या दिवशी नलूबाईनं फोन उचलला नाही.

दीपानं पुन्हा लावला. पुन्हा. दहा तीस झाले. आईच्या शेजारच्या दोन नंबरांवर लावला. वेचणीचे दिवस, गाव शेतात आणि फोन घरात. दीपाचा चेहरा उतरत गेला. रामधन गुरुजी यवतमाळला गेलेले. ऑटो कापसाची गाठोडी न्यायला लागलेले. एसटी नऊला गेली, पुढची एक वाजता.

"मोबाइल चार्जिंगले लावला असन," चाचा म्हणाले.

"चाचा, ती दहा वीसले फोनपाशीच बसून राह्यते."

मग दीपानं दांड्याकडं पाहिलं. दिवस मोडला तर शंभर दिवसांची साखळी तुटणार. इथं मारले तीन ठोके, वहीत लिहिलं, तर कोणाला कळणार होतं? तिनं दांडा उचललासुद्धा.

"ठेव खाली," चाचा म्हणाले. आवाज चढवला नाही, पण पॉइंट्समनचा होता. "लाइन क्लियर नाही, त गाडी नाही."

"चाचा, गाडी हायच कुठं!"

"हे तू म्हणून राह्यली. गाडी हाय म्हणूनच आपण एवढे दिवस इथं उभे हाओत ना?"

दीपाला रडू आलं आणि त्यातच हसूही. म्हणाली, "मंग मी काय करू? सांगा ना, तुमच्या कायद्यात काय हाय?"

चाचांनी वहीतलं एक पान फाडलं. म्हणाले, फोन मेला तर माणूस जातो. कागद घेऊन, रुळानं, पायी. तसाच कायदा आहे. पेन मागून त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'लाइन क्लियर पाहिजे', खाली वेळ आणि सही घातली, आणि कागद तिच्या हातात दिला. शीलूला बिस्मिल्लाबीकडे, म्हणजे चाचांच्या घरी, ठेवायचं ठरलं. दीपानं पाच वेळा सांगितलं की दूध कोमट असू दे, सहाव्यांदा सांगायला वळली, आणि मग तशीच रुळांवरून चालू लागली. बाभळींत तिची निळी साडी थोडा वेळ दिसली. मग नाही दिसली.

सगळ्यात लांब दिवस कुठला असं कोणी मला विचारलं, तर मी तो सांगेन. चाचा माझ्याखाली बसून होते. न सुटलेली गाडी स्टेशनात उभी होती, निदान आम्हा दोघांपुरती. मी बोलवणारी, कोणाच्या मागं धावत जाता येत नाही, हे मला त्या दिवशी जेवढं लागलं तेवढं कधी लागलं नव्हतं.

पुढचं मी पाहिलं नाही. दीपानं नंतर चाचांना सांगितलं तेव्हा ऐकलं. नऊ किलोमीटर तिनं पावणेदोन तासांत तोडले. नाल्यावरच्या पुलाची फळी गेलेली, तिथं ती बसून सरकत गेली. नलूबाई स्टेशनच्या फलाटावर पडलेली होती, तिथल्या घंटेखालीच. त्या दिवशी फोन यायच्या आधीच ती लाइन बघायला निघाली, उतरताना पाय सटकला आणि खुबा मोडला. फोन घरात वाजत होता, तिला तो ऐकू येत होता, आणि उठता येत नव्हतं. दोन तास ती तशीच.

लेकीला पाहिल्यावर तिनं पहिलं काय विचारावं? म्हणाली, "सोडली त नाही ना वो गाडी? म्या लाइन देली नवती."

"नाही माय. उभी हाय."

"मंग बरं," नलूबाई म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.

शेतातून धावत आलेल्या चौघींनी तिला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं. तिथून गाडी मिळाली, यवतमाळ मिळालं, ऑपरेशन झालं. आता ती दीपाकडेच आहे, खुब्यात सळई घालून. नातीला मांडीवर घेता येत नाही, शेजारी निजवून बघत बसते.

वहीत त्या दिवसाचं पान कोरं राहिलं होतं, आणि दीपा दवाखान्यात होती त्या पुढच्या दिवसांचीही. रामधन गुरुजी आठवड्यानं आले, त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. "दोन-दोन ओळी लिहून टाक माय. आठ दिवसांसाठी सगळं वाया जाईन. कोणाले कायले समजते?"

"मले समजते ना गुरुजी."

"अवं, पण शंभर अखंड पाहिजेत. वरचे लोक फट शोधूनच राह्यतात."

दीपा बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत होती. आपण चुकतोय की काय, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. ते तसं रोजच दिसतं. मग तिनं पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलं आणि गुरुजींपुढे धरलं. गुरुजींनी मोठ्यानं वाचलं, म्हणून मला कळलं:

'आज पुढच्या स्टेशनावरून लाइन क्लियर मिळाली नाही. घंटा वाजवली नाही. आई पडली होती. गाडी असती तर वीस मिनिटं लागली असती. मी पायी गेले.'

गुरुजींनी चष्मा पुसला. म्हणाले, "मंग आता पुन्हा एकापासून."

"एकापासून," दीपा म्हणाली.

एकापासून म्हणणं सोपं होतं. पलीकडच्या स्टेशनावर आता नलूबाई नाही, आणि तिच्या जागी कोणी नाही. गुरुजींनी एक तोड काढली होती: म्हातारी इथं आहे, तिचाच फोन तिच्याजवळ आहे, तिलाच विचारा आणि वाजवा. नलूबाई बाजेवरून भडकली. "म्या इथं बसून तिथली लाइन कशी देऊ? रुळावर म्हैस बसली असन त?" जफरचाचांनी तिच्याकडं असं पाहिलं, जसं एकतीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कोणी सहकारी भेटलं.

म्हणून तेवीस दिवस मी गप्प आहे. पण दीपा येते. रोज दहा वीसला, पोर चाचांकडे देऊन, पलीकडच्या गावातला एकेक नंबर लावते. त्या गावानं सगळ्या लाइनीत सर्वांत जास्त सह्या दिल्या आहेत. फोन उचलणारा प्रत्येक जण म्हणतो, हो हो ताई, आमचा पाठिंबा आहेच, लाइन जनतेची झालीच पाहिजे. मग ती विचारते, दोन मिनिटं स्टेशनावर येता का, रूळ मोकळा आहे का तेवढं बघून सांगायचं. तेव्हा कोणी वावरात असतं, कोणी दारव्ह्याला निघालेलं असतं, कोणाच्या भाजीला फोडणी पडलेली असते. कोणीच खोटं बोलत नाही. वावर खरं असतं, फोडणीही खरी असते.

कधी कधी मला वाटतं, आपण उगीच एवढा आग्रह धरतोय. नसेल यायची ती गाडी. मी रुळाचा उरलेला तुकडा, मला काय कळतं मालकीतलं? पण एवढं कळतं: सरकारच्या कागदावर लाइन ज्या दिवशी लोकांची व्हायची त्या दिवशी होईल. त्याआधी, सकाळी दहा वीसला, कोणीतरी उठून रुळापर्यंत चालत गेलं पाहिजे आणि तिथं म्हैस आहे की नाही ते बघितलं पाहिजे.

तेव्हा पलीकडच्या स्टेशनाजवळ राहणाऱ्या बाई-माणसांनो, तुमच्यापैकी कोणाचाही फोन आज वाजला, तर फोडणी उतरवून ठेवा. आधी बाहेर या. डावीकडं बघा, उजवीकडं बघा. शेळी असेल तर हाकला. आणि मग दोनच शब्द बोला; इथं एक बाई दांडा उचलून उभी आहे.

दहा वीस झाले आहेत. शीलूचे कान चाचांनी झाकले आहेत. पलीकडे रिंग जाते आहे.